अदृश्य जादूगार आणि त्याचे स्पेल : एका रूढ समजुतीचा प्रतिवाद

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून काल्पनिक पात्रे रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षे तोंडोतोंडी फिरत आला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : जादूगाराने इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य करणारा स्पेल, म्हणजे मंत्र, स्वतःवर टाकला की शत्रूवर वार करेपर्यंत त्याने कितीही स्पेल टाकले तरी तो अदृश्यच राहतो, त्याचे स्पेल कोणाच्या लक्षात येत नाहीत, काउंटरस्पेल या दुसऱ्याचा स्पेल रोखणाऱ्या स्पेलने ते अडवता येत नाहीत, आणि जो दिसतच नाही त्याच्यावर उलट स्पेल टाकणेही अशक्य असते. या चार विधानांपैकी एकात बरेच तथ्य आहे. उरलेली तीन सध्याच्या नियमांपुढे टिकत नाहीत, आणि नवे खेळाडू त्यांच्या भरवशावर आपले पात्र गमावून बसतात, म्हणून हा प्रतिवाद.

पहिले विधान सर्वांत जास्त नुकसान करते. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत इन्व्हिजिबिलिटी हा दुसऱ्या पातळीचा स्पेल आहे, तो कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता, जी तुटली की स्पेलही संपतो) राखून जास्तीत जास्त एक तास टिकतो, आणि ज्याच्यावर तो टाकला आहे त्याने हल्ला केला किंवा स्पेल टाकला की त्याच्यापुरता संपतो. ‘किंवा स्पेल टाकला’ या शब्दांना कोणतीही अट जोडलेली नाही. स्पेल मारक आहे की तारक, शत्रूवर आहे की मित्रावर, हे नियम विचारतच नाही. २०२४च्या सुधारित नियमांनी त्यात आणखी भर घातली : हल्ल्याचा फासा टाकणे, इजा करणे किंवा स्पेल टाकणे, यांपैकी काहीही घडल्यावर अदृश्यता लगेच संपते. २०१४च्या शब्दांनुसार अदृश्य राहून ड्रॅगनसारखा आगीचा फूत्कार सोडता येत असे, कारण तो फासा टाकून केलेला हल्लाही नव्हता आणि स्पेलही नव्हता. ती फटही आता बुजली आहे.

मग ही समजूत आली कुठून? ती कोणी मनाने रचलेली नाही, आणि ती सांगणारे जुने खेळाडू खोटे बोलत नसतात. २००३च्या साडेतीन (३.५) आवृत्तीत अदृश्यता केवळ हल्ल्याने तुटत असे, आणि स्पेलच्या बाबतीत हल्ला म्हणजे काय हेही तिथे स्पष्ट लिहिलेले होते : शत्रूला लक्ष्य करणारा, किंवा ज्याच्या परिणामक्षेत्रात शत्रू सापडतो असा स्पेल. ब्लेससारखे केवळ मित्रांवर परिणाम करणारे स्पेल त्यातून वगळलेले होते. राक्षस बोलावून त्याला शत्रूवर सोडणे किंवा शत्रू पुलावर असताना पुलाचे दोर कापणे हेसुद्धा हल्ल्यात धरले जात नसे. त्या नियमात मोठी मौज होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु एका आवृत्तीची सवय दुसऱ्या आवृत्तीत नियम म्हणून सांगणे चूकच आहे.

तिचा फटका कसा बसतो ते मी आमच्या टेबलावर पाहिले आहे. खेळ २०१४च्या नियमांनी चालला होता. जादूगाराने तिसऱ्या पातळीचा स्लॉट (स्पेल टाकण्याची एक संधी) खर्चून स्वतःला आणि क्लेरिक या पुरोहित पात्राला, म्हणजे दोघांना अदृश्य केले. क्लेरिक खेळणारी मुलगी नवी होती. ‘ब्लेसने काही होत नाही’ असे तिला शेजारच्याने विश्वासाने सांगितले होते. ती दबकत शत्रूंच्या रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तिथूनच तिने तीन साथीदारांवर ब्लेस टाकला, आणि त्या क्षणी ती सहा गॉब्लिनांच्या घोळक्यात सर्वांना दिसू लागली. जादूगाराची अदृश्यता मात्र शाबूत होती, कारण स्पेल त्याने टाकला नव्हता. तिने हातातला फासा खाली ठेवला आणि फक्त विचारले, ‘मग मला आधी का नाही सांगितलं?’ त्या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हते.

दुसरे विधान स्पेल कोणाला कळत नाहीत असे म्हणते. अदृश्यता फक्त नजरेपासून लपवते. आवाज, पावलांचे ठसे आणि हलणारी धूळ ती झाकत नाही. बहुतेक स्पेलना उच्चार लागतो, आणि २०२४च्या नियमांनुसार तो नेहमीच्या बोलण्याच्या आवाजातच करावा लागतो, म्हणजे पुटपुटून भागत नाही. सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या वर्तुळात उभे राहून हा प्रश्न सोडवू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तिथे उच्चार लागणारा स्पेल टाकताच येत नाही. खरा उपाय सॉर्सरर या अंगभूत जादू असलेल्या पात्राकडे आहे : त्याच्या जादूच्या साठ्यातला एक सॉर्सरी पॉइंट देऊन सटल स्पेल या कसबाने उच्चार आणि हातवारे दोन्ही गाळता येतात. पण त्यामुळेही इन्व्हिजिबिलिटी वाचत नाही, कारण स्पेल गुपचूप टाकला तरी तो टाकलेलाच असतो. इथे २०२४च्या नियमांतला एक बारकावा सांगायला हवा. स्पेलपुरते पाहिले तर लपून मिळवलेली अदृश्यता फक्त उच्चार असलेल्या स्पेलने मोडते, तर इन्व्हिजिबिलिटीतून मिळालेली कोणत्याही स्पेलने मोडते. या दोन गोष्टींची गल्लत जाणत्या डीएमकडूनही, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडूनही, होते.

काउंटरस्पेलविषयीचे तिसरे विधान बव्हंशी खरे आहे. साठ फुटांच्या आत स्पेल टाकणारा दिसला तरच काउंटरस्पेल टाकता येतो, आणि अदृश्यता स्पेल टाकून झाल्यावर तुटत असल्याने तो पहिला स्पेल अडवता येत नाही. मात्र ही सवलत एकदाच मिळते, आणि समोरच्याने सी इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य ते दाखवणारा स्पेल आधीच टाकून ठेवला असेल तर तेवढीही मिळत नाही. तोही दुसऱ्याच पातळीचा स्पेल आहे, तासभर टिकतो आणि त्याला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही.

चौथे विधान अर्धवट आहे. होल्ड पर्सन किंवा मॅजिक मिसाइल या स्पेलना दिसणारे लक्ष्य लागते, हे बरोबर. पण फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा स्पेल जागेवर टाकला जातो, माणसावर नव्हे. आवाज जिथून आला त्या अंदाजाने टाकला तरी वीस फुटांच्या त्रिज्येत सापडलेला जादूगार भाजतोच, आणि अदृश्यता त्याच्या डेक्स्टरिटी सेव्हला (चपळाईने बचावण्याच्या फाशाला) काडीचीही मदत करत नाही. जादूगार ग्रेटर इन्व्हिजिबिलिटीखाली असला तर हा मुद्दा अधिकच बोचतो. चौथ्या पातळीचा तो स्पेल हल्ल्याने किंवा स्पेलने तुटत नाही, पण तो जेमतेम एक मिनिट टिकतो आणि त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागते. फायरबॉलचे आठ फासे सरासरी २८ इजा करतात. तेवढी पूर्ण बसली तर कॉन्सन्ट्रेशन टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्हमध्ये (काटकपणाच्या फाशात) किमान १४ आणावे लागतात. तिथे हुकलेला जादूगार, त्याने तो स्पेल स्वतः स्वतःवर टाकलेला असेल तर, शत्रूच्या पुढच्या टर्नआधीच उघडा पडतो.