आबासाहेब हरले होते, दोनदा

जुलै संपत आला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ३० जुलै २०२१ ला शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप), सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे माजी आमदार भाई गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, गेले, त्यामुळे तारीख ठरलेली. मजकूरही ठरलेला: सांगोल्याचे आबासाहेब सलग अकरा वेळा निवडून आले, एकदाही हरले नाहीत, देशातच नव्हे तर जगात असा विक्रम नाही, मंत्रिपद कधी घेतलं नाही, सभागृहात कुणाशी वाद घातला नाही, आणि आयुष्यभर एसटीनं फिरले. खाली हात जोडलेले आठ-दहा इमोजी.

पाठवणाऱ्यांची माया खोटी नाही. मलाही हा माणूस मोठाच वाटतो. पण या पाचातलं एकच वाक्य धड खरं आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे.

‘एकदाही हरले नाहीत’ हे आधी घेऊ. बोटांवर मोजा: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. झाले अकरा. आता यातलं १९७४ बघा. त्या साली विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक नव्हतीच, ती पोटनिवडणूक होती. मग १९७२ ला काय झालं? काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं होतं. यादीत १९९५ पण नाही. त्या वर्षी शहाजीबापू पाटील जिंकले, फरक फक्त १९२ मतांचा. (‘काय झाडी, काय डोंगर’वाले बापू, तेच.) म्हणजे अकराचा आकडा बरोबर, ‘सलग’ मात्र चूक. सलग धरलं तर अकरा भरतच नाहीत.

आता कुणी म्हणेल, दोन पराभव निघाले म्हणून काय बिघडलं? बिघडत काहीच नाही, उलट इथेच खरी गोष्ट सुरू होते. या दोन्ही पराभवांच्या वेळा बघा. १९७२ चा दुष्काळ म्हणजे आमच्या भागात अजून ‘बहात्तर साल’ म्हणून ज्याच्या नावानं वय मोजतात तो. सांगोल्यासारख्या कायम पावसाची वाट बघणाऱ्या तालुक्याचा हा आमदार त्या काळात सभागृहाबाहेर होता. दुसऱ्यांदा बाहेर पडले ते १९९५ ला. लगेच १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं. कृष्णेचं पाणी उपसून आटपाडी-सांगोल्याकडं आणणाऱ्या टेंभू योजनेचं कामही त्याच सुमारास मार्गी लागलं. म्हणजे ज्या प्रश्नावर ते आयुष्यभर बोलले, त्याचे मोठे निर्णय होत होते तेव्हा सभागृहात त्यांची खुर्ची नव्हती.

मग ते घरी बसले का? नाही. आटपाडीची पाणी परिषद १९९३ पासून भरत होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब, असा तो गोतावळा. मागणी सरळ होती: धरणाखालच्या ऊसवाल्यांनाच नव्हे, वरच्या कोरड्या तालुक्यांनाही कृष्णेचं पाणी हक्कानं मिळालं पाहिजे. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा आज सरकारी कागदावर सहज येणारा शब्द तेव्हा चळवळीचा होता. आमदारकी गेलेला माणूस पाण्यासाठी परिषदेच्या मांडवात बसतो आणि चार वर्षांनी तोच विषय घेऊन पुन्हा सभागृहात जातो. ‘कधीच हरले नाहीत’ असं लिहिलं की हे सगळं पुसलं जातं. राहतो तो नुसता आकडा.

विक्रमाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, १९६५ पासून २०१६ पर्यंत. एम. करुणानिधी तमिळनाडूत मतदारसंघ बदलत का होईना, तेरा निवडणुका लढले आणि तेराही जिंकले. ‘एकदाही न हरलेले’ हे वाक्य खरं तर त्यांच्या नावापुढचं, ते फिरत फिरत सांगोल्याला आलं असावं. जगाचं तर सोडाच. अमेरिकेत जॉन डिंगेल एकोणसाठ वर्षं प्रतिनिधिगृहात होते. एकाच पक्षाचा लाल झेंडा खांद्यावर घेऊन, एकाच दुष्काळी तालुक्यातून अकरा वेळा जाणं ही गोष्ट आपल्या जागी भक्कम आहे. तिला जगाचा टेकू कशाला?

‘मंत्रिपद घेतलं नाही’ हे तर साफ चूक. ते दोनदा मंत्री होते. एकदा १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि दुसऱ्यांदा १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. २००२ मध्ये शेकापनं त्या सरकारचा पाठिंबा काढला. खुर्चीला हात न लावणारा संत अशी प्रतिमा आपल्याला का लागते, मला कळत नाही. शेतकरी कामगार पक्ष सत्तेचा तिटकारा करणारा मठ नव्हता. मिळालेली सत्ता वापरायची आणि पटेनासं झालं की बाहेर पडायचं, हे त्या पक्षाचं राजकारण होतं.

आता चौथा मुद्दा. माझा खरा राग त्यावरच आहे. ‘सभागृहात कुणाशी वाद घातला नाही.’ अहो, हे कौतुक आहे की तक्रार? १९७७-७८ मध्ये गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. वाद न घालणारा विरोधी पक्षनेता म्हणजे नांगर न धरणारा शेतकरी. त्यांचा आवाज चढत नसे हे खरं, पण आवाज न चढवणं वेगळं आणि विरोध न करणं वेगळं. विधिमंडळात ओरडायला काही लागत नाही. तारांकित प्रश्नावर (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) उपप्रश्न विचारायला, लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याला बोलायला लावणारी सूचना) लावायला, पाटबंधारे खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना द्यायला मात्र आदल्या रात्री कागद वाचावे लागतात.

त्यातून त्यांचा पक्ष केवढा होता तेही बघा. १९६२ ला ते पहिल्यांदा गेले तेव्हा शेकापचे पंधरा आमदार होते. १९९९ ला पाच, २००४ ला दोन, २०१४ ला तीन. चर्चेत बोलायचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. २८८ च्या सभागृहात दोन जणांच्या पक्षाच्या वाट्याला असून असून किती मिनिटं येणार? तेवढ्यात दुष्काळ, रोजगार हमी, कृष्णेचं पाणी, कर्जबाजारी शेतकरी हे सगळं बसवायचं. मोठ्या पक्षाचा आमदार गप्प बसला तरी त्याचा पक्ष बोलतो, इथं ते गप्प बसले तर सांगोला गप्प. तरीही २०१२ ला त्यांच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून सत्कार केला. कुणाला न दुखावल्यामुळे तो झाला असं ज्याला वाटतं, त्यानं विधानसभेच्या छापील कार्यवाहीतला त्यांचा एखादा दिवस तरी वाचावा.

राहता राहिली एसटी. हो, ते एसटीनं जायचे. लाल डब्यात आमदारांसाठी एक सीट राखीव असते. ती बहुतेक वेळा आपल्यासारख्यांच्याच उपयोगाला येते, कंडक्टरही हटकत नाही. त्या सीटवर खरोखर आमदार बसलेला बघणं ही दुर्मीळ गोष्ट, म्हणून ती लोकांच्या ध्यानात राहिली, आणि राहावीच. पण नव्वदीला टेकलेल्या माणसाला २०१४ मध्ये लोकांनी परत पाठवलं ते तिकीट काढून प्रवास करतो म्हणून नव्हे. २०१९ ला वयामुळं ते थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि पडले, ७६८ मतांनी. पुन्हा शहाजीबापूच. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आले.

हे सगळं मी गेल्या वर्षी ग्रुपवर थोडक्यात टाकलं होतं. काकांचं उत्तर आलं, ‘बाळ, चांगल्या माणसाबद्दल वाईट कशाला लिहितोस?’ मी त्यांना फोनच केला. १९७२ चा विषय काढल्यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, त्या साली ते खडी फोडायला जात होते, नाला बंडिंगच्या कामावर. आमदार कोण होता ते आठवत नाही, पण चौऱ्याहत्तरला गावात गुलाल उडाला होता तो पक्का आठवतो.