हिशेब मागायला माणूस तर हवा

जानेवारी २०२६ मध्ये नागपूर महापालिकेची निवडणूक झाली आणि निकालाची हळद उतरायच्या आत आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर सूर लागला, "घ्या, आता परत १५१ जणांना पोसा." म्हणणं असं की मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला, एकही नगरसेवक नव्हता. तरी सिमेंटचे रस्ते झाले, कचरागाडी येत राहिली, दिवे लागले. मग हे लोक पाहिजेत कायले? एकाने थेट मला उद्देशून लिहिलं, "तुमच्या अमेरिकेत अख्खं शहर कंपनीला चालवायला देतात. आपल्याकडे पण तसंच करा ना बाप्पा, नगरसेवक-बिगरसेवकाची भानगडच नको."

रात्री झोप आली नाही मला त्या वाक्याने. कारण कंपनीला दिलेलं शहर म्हणून जगभर ज्याचा दाखला देतात, त्याच सँडी स्प्रिंग्जमध्ये मी राहतो. माझ्या घराचा कर तिथे जातो. आणि तिथली गोष्ट माझ्या मित्राला वाटते त्याच्या नेमकी उलटी आहे.

सँडी स्प्रिंग्ज म्हणजे अटलांटाच्या उत्तरेला, ४०० आणि २८५ हे महामार्ग जिथे भेटतात तिथून वर रॉझवेल रोडने पसरलेली वस्ती. अटलांटा शहराने १९६६ मध्ये तिला आपल्यात ओढायचा प्रयत्न केला, लोकांनी मतदान करून नकार दिला. पण स्वतःचं शहर करायलाही जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागते, आणि सत्तरच्या दशकापासून ती मागूनही मिळेना. कारभार फुल्टन काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाचा. लोकांची तक्रार एकच: कर आम्ही भरतो, खर्च दुसरीकडे होतो आणि कुठे करायचा ते ठरवणारी माणसं आमची नाहीत. इव्हा गॅलाम्बोस नावाच्या एक अर्थशास्त्रज्ञ बाई यासाठी तीस वर्षं भांडल्या. अखेर २००५ मध्ये कायदा झाला, जूनमध्ये मतदान झालं, ९४ टक्के लोकांनी हो म्हटलं, आणि १ डिसेंबर २००५ ला शहर जन्माला आलं. गॅलाम्बोसबाई पहिल्या महापौर.

कर आम्ही भरतो, खर्च दुसरीकडे होतो. हे वाक्य वाचून कोणत्या नागपूरकराला आपलं घर आठवणार नाही? आम्ही हे ऐकतच मोठे झालो. विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणारा १९५३ चा नागपूर करार, विकासातली तूट मोजणारी दांडेकर समिती, त्या तुटीचं नाव अनुशेष, हे शब्द आमच्याकडे जेवायच्या ताटावर यायचे. १९५६ मध्ये जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपुरातून गेली, बदल्यात हिवाळी अधिवेशन मिळालं, हे आमच्या आजोबांनी मरेपर्यंत माफ केलं नाही. विदर्भाचा पैसा विदर्भाला, म्हणून बंदच्या दिवशी सीताबर्डीच्या बाजारात दुकानं बंद करायला फिरणारा जो मित्र, तोच आज म्हणतो की नागपूरच्या पैशाचं काय करायचं ते ठरवायला नागपूरकरांनी निवडलेली माणसं नकोत. मुंबईहून नेमलेला अधिकारी पुरे. मला हे समजत नाही. मुंबईवर राग आहे तर मुंबईने पाठवलेल्या अधिकाऱ्याच्या हाती अख्खी तिजोरी देण्यात सुख कसलं?

नवीन शहर म्हणजे काय, ते पैशाच्या अंगाने पाहावं. घराचा कर इथे वर्षातून एकदा, उन्हाळा सरल्यावर येतो. डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या शहराच्या तिजोरीत पहिल्या दिवशी काही नव्हतं. येणाऱ्या कराच्या भरवशावर उसनवारी करून गाडा हाकावा लागला. स्वतःचे पोलीस नव्हते, ते २००६ च्या जुलैत उभे राहिले, तोवर काउंटीचेच पोलीस. नगरभवनही नव्हतं, भाड्याच्या ऑफिसात कारभार. आणि इतक्या ओढाताणीतही लोकांनी शहराच्या सनदेतच लिहून घेतलं होतं की कराचा दर ४.७३१ मिलच्या (एक मिल म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरला एक डॉलर) वर न्यायचा असेल तर कौन्सिलला, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाला, परस्पर नेता येणार नाही, पुन्हा जनमत घ्यावं लागेल. आधी लगाम, मग घोडा.

कंपनी आली ती निवडणुकीनंतर. महापौर आणि सहा कौन्सिलर निवडून आले, त्यांनी सीएचटूएम हिल या कंपनीशी करार केला. रस्त्यांची देखभाल, परवाने, हिशेब ठेवणं ही कामं कंपनीने करायची. पोलीस आणि अग्निशमन त्यातही शहराने स्वतःकडेच ठेवलं. काही वर्षांनी एका कंपनीऐवजी कामं वाटून अनेकांना दिली. आणि २०१९ मध्ये त्याच कौन्सिलने हिशेब मांडून पाहिला आणि बहुतेक कामं पुन्हा शहराच्या पगारी नोकरांकडे आणली, कारण पाच वर्षांत १ कोटी ४० लाख डॉलर वाचतील असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे कंपनी आणणारेही निवडून आलेलेच आणि तिला घरी पाठवणारेही निवडून आलेलेच. आमच्या ग्रुपवर कंपनीचं कौतुक पोचलं, ही दुसरी अर्धी गोष्ट पोचलीच नाही.

घरांच्या किमती वाढल्या आणि दर तोच ठेवला, तरी जॉर्जियाच्या कायद्याने ती करवाढच धरतात आणि तीन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. मी अशा एका सुनावणीला बसलो आहे. सिटी स्प्रिंग्ज या आमच्या नगरभवनाच्या सभागृहात खुर्च्या निम्म्या रिकाम्या. एक म्हातारे गृहस्थ उठले, हातात घडी केलेला कागद, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. आपल्या गल्लीतल्या फुटपाथसाठी किती तरतूद होती आणि किती खर्च झाली, ते त्यांनी ओळीने वाचून दाखवलं. बोलायची वेळ दाखवणारा समोरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, लाल झाला, तरी त्यांचं शेवटचं वाक्य महापौरांनी पुरं होऊ दिलं. मग कौन्सिलरपैकी एकीने फायनान्सच्या माणसाला विचारलं, उरलेले पैसे कुठे आहेत? त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागलं. उत्तर समाधानकारक होतं असं नाही. पण विचारणारी बाई त्या म्हाताऱ्यांच्या मतावर तिथे बसली होती, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता नागपूरकडे या. नगरपालिका १८६४ ची. महापालिकेसाठी १९४८ चा सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन ॲक्ट, २ मार्च १९५१ ला महापालिका झाली, १९५२ मध्ये निवडून आलेलं सभागृह बसलं आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर झाले, जे पुढे राज्याचे अर्थमंत्री होते. मुंबईतल्या स्टेडियममुळे सगळ्या देशाला ते नाव माहीत आहे, पण महाल भागातल्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी पहिलं सभागृह चालवलं हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. मुंबई सोडली तर राज्यात स्वतःचा वेगळा महापालिका कायदा असलेलं शहर एकच, नागपूर. तो कायदाही गेल्या दशकात रद्द झाला आणि आपण बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. कोणाला हळहळ वाटल्याचं मला दिसलं नाही.

त्या नव्या महापालिकेची सुरुवात सोपी नव्हती. शहराच्या वाढीची सूत्रं आधीच १९३६ च्या कायद्याने झालेल्या सुधार प्रन्यासाकडे, म्हणजे एनआयटीकडे होती. लेआउट एनआयटी पाडणार, प्लॉट नियमित केल्याचं पत्र, म्हणजे आरएल, एनआयटी देणार, आणि नंतर तिथली गटार-दिव्यांची ओरड नगरसेवकाच्या दारात येणार. सभागृह बसून पाच वर्षं होत नाहीत तो राजधानीही गेली, आणि मंत्रालयाबरोबर येणारी वर्दळ, नोकऱ्या, बांधकामं गेली. तरीही शहर चालवलं त्या लोकांनी, आणि चालवलं ते जकातीवर. वाडी नाका, पारडी नाका ही आज फक्त ऑटोवाल्याला सांगायची ठिकाणं झाली आहेत. त्या काळी शहरात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे चार पैसे महापालिकेच्या स्वतःच्या हातात पडत होते. नाक्यावर चिरीमिरी चालायची, व्यापारी गांजले होते, ट्रकांच्या रांगा लागायच्या, हे सगळं खरं. जकात परत आणा असं मी म्हणत नाही. पण २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि आता महापालिकेचा मोठा आधार म्हणजे राज्याकडून दरमहा येणारं अनुदान. स्वतःचं म्हणावं असं ठळक उत्पन्न राहिलं ते मालमत्ता कराचं. हातखर्चाला दुसऱ्याकडे बघायची वेळ आलेल्या घरात निदान बोलणारं माणूस तरी खमकं लागतं. आपण नेमकं त्याच काळात बोलणारं माणूसच घालवलं.

तेही कोणी ठरवून घालवलं असं नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकला आणि तारखा पडत गेल्या. पण राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने स्वच्छ लिहिलं आहे की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. लोकसभेची निवडणूक चार वर्षं अडकली असती तर देश पेटला असता. नागपूरची अडकली आणि माझे मित्र म्हणाले, बरं झालं, शांतता आहे.

त्या शांततेत २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट येऊन गेली. अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटमध्ये शिरलं, माणसं गेली. १८७० मध्ये या शहराला पाणी पाजायला बांधलेला तलाव तो. त्या दिवशी मी इथून फोन लावत होतो, आत्याचा लागत नव्हता. लागला तेव्हा ती पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती आणि खाली तिच्या शिलाई मशीनपर्यंत पाणी. ती मला म्हणाली, "अरे, आधी निदान नगरसेवकाच्या घरी जाऊन दार तरी वाजवलं असतं. आता कोणाच्या घरी जायचं रे बाबा?" त्याच काळात शहर किती छान चाललं होतं म्हणून सांगणाऱ्यांनी तिला जाऊन उत्तर द्यावं. नगरसेवक होता म्हणून पूर टळला असता असं मी म्हणत नाही. पण सांडव्याचं काय झालं, नदीच्या पात्रात काय उभं राहिलं, हे सभागृहात ओरडून विचारणारं एकही माणूस तेव्हा नव्हतं.

नगरसेवक खातात, हा पुढचा मुद्दा येतोच. खात असतील. मग पुढच्या वेळी पाडा त्यांना. प्रशासकाला पाडायची सोय कुठे आहे?

सँडी स्प्रिंग्जचं सगळंच चांगलं, असं इथले लोकही म्हणत नाहीत. सधन वस्ती काउंटीच्या कारभारातून निघाली, पाठोपाठ जॉन्स क्रीक, मिल्टन निघाले, आणि फुल्टनच्या दक्षिणेच्या, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांसाठी काउंटीकडे तेवढा पैसा कमी उरला. त्यांनीही शेवटी २०१७ मध्ये साउथ फुल्टन हे आपलं शहर केलं. या बाबतीत मला नागपूरचा अभिमानच वाटतो. आपल्याकडे धरमपेठ आणि सिव्हिल लाइन्ससारख्या सधन वस्त्या फुटून वेगळ्या झाल्या नाहीत, उलट शहराने २०१३ मध्ये हुडकेश्वर-नरसाळ्याला आपल्यात घेतलं. आमचं घर त्याच अंगाला आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंच ओट्यावर बसून, नळाच्या पाइपाचे किती पैसे झाले ते बाबांना तोंडी सांगायचे, आणि बाबा पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज करायचे. पटली नाही तर चहा होईपर्यंत वाद. गाव लहान होतं म्हणून ते जमलं असं म्हणतात. एक लाखाच्या सँडी स्प्रिंग्जमध्येही ते जमतं हे मी पाहिलं. पंचवीस-तीस लाखांच्या नागपुरात जमणार नाही हे मी मानायला तयार नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर एका ओळीत आलं, "तू तिथं बसून नको सांगू. यायचं तर ये, नाहीतर राहू दे."

ते लागलं मला. लागलं कारण त्यात तथ्य आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, त्यामुळे ज्या शहराला कर देतो तिथे मला मत नाही. त्या सुनावणीत मी तीन मिनिटं बोलू शकतो, कौन्सिलर मान डोलावतात, पण मी त्यांना ना निवडू शकतो ना पाडू शकतो. नागपुरात मतदानाला जातीने हजर असावं लागतं, ते जानेवारीत जमलं नाही. बाबांच्या पश्चात घराची टॅक्स पावती माझ्या नावाने निघते, ती मी इथून ऑनलाइन भरतो. दोन शहरांना कर देतो आणि दोन्हीकडे माझं मत पडत नाही. कर भरायचा आणि मत नाही, अशी चार वर्षं तुम्ही नागपुरात राहून काढलीत आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मला रोज वाटतं. म्हणून मी बोलतो, आणि ये म्हटलं म्हणून गप्प बसणार नाही.

त्या मित्राच्या प्रभागात चार नगरसेवक निवडून आले आहेत. महापालिकेचा अर्थसंकल्प स्थायी समितीतून सभागृहात येईल. आपल्या प्रभागातून मालमत्ता कर किती जमा झाला, थकबाकी कोणाकोणाची मोठी आहे आणि त्यातलं प्रभागात परत किती आलं, एवढे तीन आकडे त्याने त्या चौघांकडे लेखी मागावेत. मसुदा मी त्याला मराठीत लिहून पाठवला आहे. सही त्याची लागेल, माझी चालणार नाही.