निळे फूल म्हणजे शंखपुष्पी नव्हे आणि वेल प्रदक्षिणाही घालत नाही

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या दहावीतल्या पुतण्याला दोन दिवस जुलाब होत होते आणि पोटात मुरडा येत होता. बाहेरचे काही खाल्ले का, पाणी बदलले का, हे विचारून झाल्यावर वहिनींनी सांगितले की सहामाही परीक्षा तोंडावर आल्यामुळे त्याला स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचा काढा सुरू केला आहे, आणि ती विकतची नाही, कुंपणावरचीच आहे. त्या कुंपणावर शंखपुष्पी नाही हे मला ठाऊक होते, कारण तिथली वेल मी दर पावसाळ्यात पाहतो. तरी खात्रीसाठी फोटो मागवला. तीन खंडांची लवदार पाने, सकाळी आकाशी असून दुपारपर्यंत गुलाबट होऊन मिटणारी नरसाळ्यासारखी फुले, आणि वाळलेल्या बोंडांत संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या काळ्या बिया. ती काळादाण्याची वेल होती, आणि काढ्यात पानांबरोबर तिच्या बियाही कुटून घातलेल्या होत्या.

ज्या संदेशावर विसंबून हे झाले तोही त्यांनी मला पाठवला. ‘अनेकदा पुढे पाठवलेला’ अशी खूण त्यावर आहे, म्हणजे तो किती घरांत पोहोचला असेल याची कल्पना करता येते. त्याचे म्हणणे असे की चांदवेल, काळादाणा, गणेशवेल आणि शंखपुष्पी ही एकाच वेलीची गावोगावची नावे आहेत, म्हणून नरसाळ्यासारखे निळे-जांभळे फूल दिसले की ती शंखपुष्पी समजून पाने आणि बिया मुलांना द्याव्यात. या वेली सूर्याच्या मागोमाग आधाराला प्रदक्षिणा घालतात आणि विषुववृत्ताच्या पलीकडे त्यांची दिशा उलटी होते. त्या आधाराच्या झाडाचा रस शोषतात. आणि शेतातली चांदवेल एकदा मुळासकट उपटून खड्ड्यात मीठ टाकले की कायमची जाते.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्याकडे आधी वळतो. ही चारही नावे एकाच कुलातल्या वनस्पतींची आहेत, एवढे मात्र मला मान्य करावे लागते. कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी या कुलात सुमारे साठ प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, आणि सोळाशेहून अधिक जाती आहेत. शेतातली चांदवेल म्हणजे हरणखुरी, उपासाचे रताळे, तळ्यातली नाळीची भाजी, कोकणच्या पुळणीवर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, नाल्याकाठचे बेशरम आणि बाभळीवर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरणारी अमरवेल ही सगळी याच कुलातली आहेत. परंतु एका कुलात असणे म्हणजे एकच वनस्पती असणे नव्हे. या कुलाचे सर्वांत जवळचे नातलग असलेल्या कुलात वांगे आणि धोतरा शेजारी बसतात, आणि वांग्याऐवजी धोतऱ्याची भाजी करायला कोणी सांगितले तर आपण त्याला घरात उभे करणार नाही.

भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधिकोशात शंखपुष्पी म्हणून जी वनस्पती दिली आहे ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस होय; तिलाच आता कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस म्हणतात. म्हणजे ती चांदवेलीच्या प्रजातीतलीच आहे, पण ती वेल नाही. कोरड्या मोकळ्या जमिनीवर तिच्या लवदार फांद्या आडव्या पसरतात, पाने अरुंद असतात, फुले लहान आणि पांढरी किंवा फिकट गुलाबी असतात, आणि ती कशालाही विळखा घालत नाही. शंखपुष्पी म्हणून काही ठिकाणी विष्णुक्रांतही वापरतात. ती निळ्या फुलाची खरी, पण तीही जमिनीलगतच राहते. केरळात त्या नावाने गोकर्ण ओळखतात. गोकर्णाची वेल निळ्या फुलाची आणि विळखा घालणारी असली तरी ती घेवडा-वाटाण्याच्या कुलातली आहे आणि तिचे फूल नरसाळ्यासारखे नसते. शंखपुष्पी नेमकी कोणती, हा वाद वैद्यांमध्ये जुना आहे हे मी नाकारत नाही; मात्र त्या वादात काळादाण्याला कोणीही शंखपुष्पी म्हटलेले नाही, आणि कुंपणावर सात-आठ फूट चढलेली नरसाळ्यासारख्या निळ्या फुलांची वेल तर या तिघींपैकी एकही असू शकत नाही.

काळादाणा हे औषध आहे, पण ते रेचक आहे, आणि तेही साधे नव्हे. त्याच्या बियांतली राळ आतड्याला चेतवून पोट साफ करते. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’मध्ये मेक्सिकोहून येणाऱ्या जॅलप या तीव्र रेचकाला पर्याय म्हणून काळादाणा नोंदवलेला आहे, आणि जॅलपसुद्धा याच कुलातल्या एका वेलीचे मूळ आहे. जुन्या युरोपीय वैद्यकातली स्कॅमोनी हीदेखील चांदवेलीच्याच प्रजातीतल्या एका वेलीच्या मुळाची राळ होती. आपल्याकडचे निशोत्तर याच कुलातले, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ते सुखाने रेच करवणाऱ्या द्रव्यांत श्रेष्ठ म्हणून सांगितले आहे. तीन खंडांतल्या वैद्यकांना या कुलाचा मुख्य गुण हाच दिसला असताना, पूर्वजांचे नाव घेऊन त्याच कुलाच्या बिया मुलांना बुद्धिवर्धक म्हणून देणे हे पूर्वजांनी नीट नोंदवलेले ज्ञान पुसून टाकणे आहे. वैद्य असे द्रव्य मात्रा ठरवून, शोधन करून, रोग्याचे बळ पाहून देतो. संदेशात ‘मूठभर’ असे माप दिले आहे.

फूल हातात घेऊन ओळखायचे असेल तर त्याचा रंग पाहू नये, त्याच्या मध्यभागी पाहावे. चांदवेल आणि शंखपुष्पी यांच्या फुलात स्त्रीकेसराच्या टोकाला दोन बारीक दोऱ्यांसारखे फाटे असतात. काळादाणा, गणेशवेल आणि त्यांच्या आयपोमिया प्रजातीतल्या इतर फुलांत तिथे गोंड्यासारखी गोल गाठ असते. साधे भिंग पुरते.

आता प्रदक्षिणेकडे येतो. हे विधान कोणाला जुलाब लावणारे नाही, पण मला त्याचाच अधिक राग आला, कारण ते तपासायला अंगणात जाण्याएवढेच कष्ट लागतात. चांदवेल, काळादाणा किंवा घेवडा यांपैकी कोणतीही वेल वरून खाली पाहावी. शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत वर गेलेला दिसेल. त्या शेंड्याच्या जागी आपण चालत आहोत असे मानले तर काठी सतत डाव्या हाताला राहते, आणि प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो हे सांगण्याची गरज नाही. जमिनीवर बसून खालून वर पाहिले तर तोच विळखा घड्याळाप्रमाणे भासतो, आणि संदेश लिहिणाऱ्याची गफलत कदाचित इथेच झाली असेल. पण मग प्रदक्षिणाही तळघरातून मोजावी लागेल.

सूर्यामागे फिरण्याचे म्हणणे तर महाराष्ट्रात उभे राहून करताच येत नाही. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे त्या दिवसांत तो पूर्वेकडून उत्तरेमार्गे पश्चिमेला जातो, आणि एरवी दक्षिणेमार्गे. वेली सूर्याचे अनुकरण करीत असत्या तर जूनमध्ये उगवलेल्या प्रत्येक वेलीने ऑगस्टमध्ये आपला विळखा उलटा सुरू केला असता. असा पीळ बदललेला घेवड्याचा मांडव कोणी पाहिला आहे का? शिवाय सूर्याला एक फेरी घ्यायला चोवीस तास लागतात. डार्विनने आजारपणात खोलीत हॉपची (बिअरमध्ये जिची फुले घालतात ती) वेल ठेवून तिच्या शेंड्याच्या फेऱ्या मोजल्या, तेव्हा उष्ण हवेत दिवसा एका फेरीला सरासरी दोन तास आठ मिनिटे लागल्याचे त्याने नोंदवले. वेलींच्या हालचालींवरचा त्याचा तो निबंध १८६५ सालचा आहे.

दक्षिण गोलार्धात दिशा उलटते, हा भाग तर प्रत्यक्ष मोजून खोटा ठरलेला आहे. एडवर्ड्स, मोल्स आणि फ्रँक्स या तिघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही गोलार्धांतल्या नऊ देशांत सतरा ठिकाणी नैसर्गिक झाडोऱ्यातून फिरून १,४८५ विळखे घालणारी खोडे पाहिली. त्यांपैकी ९२ टक्के खोडांचा पीळ एकाच हाताचा, म्हणजे वरून पाहता घड्याळाच्या उलट निघाला, आणि त्याचा अक्षांशाशी किंवा गोलार्धाशी काहीही संबंध आढळला नाही. उरलेल्या थोड्या वेली उलट फिरतात, पण तो त्यांच्या जातीचा गुण असतो. याचा दाखला शोधायला ऑस्ट्रेलियापर्यंत जाण्याचे कारण नाही. कोकणात एकाच परसात कोनफळ आणि करांदा लावलेले असतात. दोन्ही एकाच प्रजातीचे कंद, दोघांवर एकच सूर्य, आणि तरी त्यांचे वेल परस्परविरुद्ध दिशांना विळखा घालतात. या कंदांच्या जाती ओळखताना वनस्पतिशास्त्रज्ञ ही दिशा खूण म्हणून वापरतात, आणि ती भूगोलाप्रमाणे बदलत असती तर त्या खुणेला काही अर्थच राहिला नसता.

वेलीला वर-खाली समजते ते गुरुत्वाकर्षणामुळे, आणि हे ज्या वेलीवर स्पष्ट झाले ती नेमकी वहिनींच्या कुंपणावरची आयपोमिया निल, म्हणजे काळादाणाच आहे. जपानमध्ये ही वेल फुलांसाठी हौसेने वाढवतात आणि तिचे लोंबत्या फांद्यांचे एक वाण तिथे आहे. त्या वाणाला गुरुत्वाची जाणीव करून देणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत, असे जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवले. ते वाण सूर्यप्रकाशात वाढते, फुलते, पण त्याचा शेंडा गोल फिरत नाही आणि काठीला विळखाही घालू शकत नाही.

रस शोषण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. या कुलात ते काम फक्त अमरवेल करते. तिला जमिनीत टिकणारे मूळ नसते आणि ती शोषक मुळे यजमानाच्या खोडात घुसवते. चांदवेल आपले अन्न आपल्या हिरव्या पानांत बनवते. तिच्या ओझ्याने गहू लोळतो, सावलीने हरभरा पिवळा पडतो आणि कापणीच्या वेळी विळ्याला गुंता होतो, त्यामुळे ती पीक खाते असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याचे नुकसान खरेच असते.

मिठाने चांदवेल जात नाही, जमीन जाते. तिची मुळे दोन मीटरहूनही खोल उतरतात आणि बोटाएवढा तुकडा राहिला तरी त्यातून नवा कोंब येतो, त्यामुळे एकदाच्या उपटण्याने किंवा नांगरटीने ती अनेकदा वाढतेच. बिया मातीत वीस वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. कोंब दिसेल तेव्हा तो खुडत राहून मुळातला साठा संपवणे, आणि तेही दोन-तीन हंगाम सलग, एवढाच मार्ग उरतो.

पुतण्याला डॉक्टरांनी मीठ-साखरेचे पाणी आणि हलका आहार सांगितला, आणि तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. कुंपणावरची वेल मी काढू दिली नाही, कारण तिचा काही अपराध नाही. मात्र वाळलेली बोंडे मी आणि पुतण्याने मिळून तोडली, आणि उरलेल्या फुलांपैकी एक उघडून त्याने ती गोल गाठ स्वतः पाहिली.