भूगोल गुगलने संपवला म्हणे!

नाशिकच्या मावशीने काल फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांचा वर्ग, तिथला भूगोल म्हणजे राजधान्यांचं पाठांतर, गुगल मॅप आल्यावर तो विषय संपलाच आणि नोकरी तर नाहीच. खाली तिचा घाबरा प्रश्न, “आपला नातू तिथेच जातोय ना रे?” नातू कॅलिफोर्नियात वाढलेला. मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात भूगोल शिकवतो. आता गप्प कसा बसू?

प्रवेशाला चाळणी नाही, हे खरं. पण पदवीची पहिली दोन वर्षं इथे काढून उरलेली दोन सरकारी विद्यापीठात करायची, ही रुळलेली वाट आहे. कॅल स्टेटची, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाची, पदवी घेणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे याच वाटेने आलेले. राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे (विषय मोजायचं माप) 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटांचा भूगोल 138 डॉलरला. (भारतातून व्हिसावर येणाऱ्याला कितीतरी जास्त पडतात, तो हिशेब वेगळा.)

राजधान्या? मी परीक्षेत एकही विचारत नाही.

आता गुगल. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना फोनवर काश्मीर उघडायला लावतो. इथे तुटक रेषा दिसतात. मग भारतातून आलेला स्क्रीनशॉट दाखवतो: ॲप तेच, जागा तीच, सीमा मात्र अखंड. (तो मावशीनेच पाठवला होता. विसरली वाटतं.) नकाशा कुणी, कुणासाठी, कुठल्या कायद्याला धरून काढला, इथून आमचा भूगोल सुरू होतो. पुढे 1930च्या दशकातले अमेरिकन सरकारी नकाशे येतात. त्यांत कृष्णवर्णीयांच्या आणि स्थलांतरितांच्या वस्त्या ‘कर्जाला धोक्याच्या’ म्हणून लाल रंगवल्या होत्या. 108 शहरी भागांचा 2020 सालचा अभ्यास सांगतो की त्या लाल वस्त्यांतली जमीन आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरी 2.6 अंश सेल्सिअस जास्त तापते. झाडं कमी, डांबर जास्त. मुलं जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे आणि माहिती जोडणाऱ्या संगणकप्रणालीत, जुना नकाशा आणि आजचं तापमान एकावर एक ठेवतात, आणि एखाद्याला त्यात आपलीच गल्ली सापडते. हे कुठल्या ॲपने सांगितलं असतं?

नोकरीचं अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. ‘जॉग्रफर’ नावाची पदं अमेरिकेभरात दोन हजारही नाहीत. पण पाणीपुरवठा, वीज कंपन्या, वणवा विझवणारी खाती, सगळ्यांना जीआयएस येणारी माणसं लागतात. खरी कच्ची नोकरी आमची, शिकवणाऱ्यांची. आमच्यातले बहुतेक अर्धवेळ, सकाळी एका कॉलेजात, संध्याकाळी चाळीस मैलांवर दुसऱ्या. फॉरवर्डवाल्याला टीकाच करायची होती तर ही करायची.