"एक पैसाही भरला नाही" म्हणणाऱ्या 'जागरूक करदात्या'ला उत्तर

ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबत चालणारी १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. तिच्या पेन्शनवर संसदेत वर्षानुवर्षं एकच उत्तर कसं दिलं जातं, यावर मी मागे लिहिलं होतं. त्या लेखाखाली 'एक जागरूक करदाता' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती काढून टाकावी असं काहींनी कळवलं. मी काढणार नाही. उलट सगळ्यांना वाचता यावी म्हणून इथे पूर्ण देते.

"मावशी, लिहिण्याआधी थोडं गणित शिका. खासदार दर अधिवेशनात हा प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, संसद झोपलेली नाही. ईपीएसमध्ये कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून एक पैसाही भरलेला नसतो. मग पेन्शन वाढवा म्हणणं म्हणजे करदात्याच्या खिशात हात घालणं. खासदारांच्या पेन्शनशी तुलना करून टाळ्या मिळतात, पैसे येत नाहीत. निधी तुटीत आहे. ७,५०० चं रडगाणं आता पुरे."

आधी भाषेबद्दल. 'मावशी' म्हणायला माझी हरकत नाही, वयाने असेनच. पण तो शब्द तुम्ही नात्याने वापरलेला नाही, 'या बाईला काय कळतंय' हे सांगायला वापरला आहे. आणि किमान पेन्शन ७,५०० करा या मागणीला तुम्ही 'रडगाणं' म्हणता, ते कुणाचं? ज्याला महिन्याला हजार रुपये मिळतात, ज्याची रक्तदाबाची आणि साखरेची औषधंच त्यात बसत नाहीत, त्याचं. स्वतःचं नाव न लिहिता अशा माणसाला रडगाणं थांबवायला सांगणं हे सभ्य माणसाचं बोलणं नव्हे. मतभेद चालतील. हा स्वर माझ्या ब्लॉगवर पुन्हा आला तर चालणार नाही.

एक मान्य. खासदार प्रश्न विचारतात, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. सगळ्या पक्षांचे विचारतात, महाराष्ट्रातले तर हिरिरीने विचारतात. हे मी लेखात कुठे नाकारलेलंही नाही. माझं म्हणणं उत्तराबद्दल होतं, त्याकडे खाली येते.

आता ते वाक्य. 'स्वतःच्या पगारातून एक पैसाही भरलेला नसतो.' हे तुम्ही एकटेच म्हणत नाही. शिकलेली माणसं म्हणतात, बातम्या देणारे म्हणतात, म्हणून याला सविस्तर उत्तर देते. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. पीएफची चलनं, वर्षअखेरची ३-ए आणि ६-ए ची पत्रकं, निवृत्त होणाऱ्यांचे पेन्शनसाठीचे १०-डी फॉर्म माझ्या टेबलावरून गेले आहेत. गणित मला शिकवू नका.

पीएफच्या चलनात पाच खाती असतात, त्यातली १ आणि १० इथे महत्त्वाची. कामगाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून कापलेले १२ टक्के पूर्ण खाते १ मध्ये, म्हणजे त्याच्या पीएफमध्ये जातात. मालकाचे १२ टक्के मात्र दोन ठिकाणी फुटतात. ३.६७ टक्के खाते १ मध्ये, आणि ८.३३ टक्के खाते १० मध्ये. हे खाते १० म्हणजे पेन्शन निधी. सरकार त्यात पगाराच्या १.१६ टक्के घालतं, तेही पगारमर्यादेपर्यंतच. मर्यादा १५,००० आहे, म्हणजे सरकारचा वाटा एका कामगारामागे महिन्याला जास्तीत जास्त १७४ रुपये. ज्या करदात्याच्या नावाने तुम्ही बोलता, त्याचा खिसा इथपर्यंत आणि किमान पेन्शनची भर घालण्यापुरता.

मग ते ८.३३ टक्के कुणाचे? तुम्ही म्हणाल मालकाचे. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वर पगाराने पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या माणसाचं काय होतं ते बघा. तो ईपीएसचा सभासद होऊच शकत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचे १२ टक्के न फुटता पूर्ण त्याच्या पीएफ खात्यात जातात, त्यावर दरवर्षी व्याज लागतं आणि निवृत्तीला ते सगळे त्याच्या हातात पडतात. त्याला कुणी म्हणतं का, की यातला मालकाचा हिस्सा तुझा नव्हे? तोच हिस्सा शेजारच्या टेबलावरच्या ईपीएस सभासदाच्या खात्यातून काढून पेन्शन निधीत नेला की तो 'न भरलेला पैसा' कसा होतो? तो त्याच्या मजुरीचाच भाग आहे. १९९५ मध्ये त्याच्या पीएफ खात्यात जाणारा ओघ वळवूनच ही योजना उभी राहिली.

आता आकडे, कारण तुम्हाला गणित हवं होतं. १६ नोव्हेंबर १९९५ ला योजना सुरू झाली, त्या दिवशी सभासद झालेला, पगार कायम मर्यादेच्या वर असलेला आणि मे २०१४ अखेर ५८ पूर्ण करून निवृत्त झालेला कामगार घ्या. त्याआधीची नोकरी नाही असं धरा. मे २००१ पर्यंत मर्यादा ५,००० होती, म्हणजे खाते १० मध्ये महिन्याला ४१७ रुपये. जून २००१ पासून मर्यादा ६,५००, म्हणजे ५४१. हा ५४१ चा आकडा पगारपत्रक केलेल्या कुणालाही पाठ असतो. नुसती बेरीज १ लाख ११ हजारांच्या पुढे जाते. तिला त्या त्या वर्षी पीएफवर जाहीर झालेलं व्याज लावा. नव्वदच्या दशकात ते १२ टक्के होतं, २००१ नंतर साडेनऊ, २००५ नंतर बहुतेक वर्षं साडेआठ. निवृत्तीच्या दिवशी ही रक्कम अडीच लाखांच्या वर गेलेली असते.

पेन्शनचं सूत्र आहे पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र नोकरी, भागिले ७०. नोकरी साडेअठरा वर्षांची. सहा महिने वा अधिक असतील तर पुढचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून १९. २० झाली असती तर दोन वर्षं वाढीव मिळाली असती, ती मिळाली नाहीत. पेन्शनपात्र पगार मर्यादेएवढाच धरतात, म्हणून ६,५००. ६,५०० गुणिले १९ भागिले ७० म्हणजे १,७६४ रुपये. आणि त्या अडीच लाखांवर आठ टक्क्यांनी नुसतं व्याज येतं महिन्याला १,६६६. रक्कम अडीच लाखांच्या वर असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. म्हणजे त्याला त्याच्याच पैशाच्या व्याजाएवढी पेन्शन मिळते, आणि मुद्दल निधीत राहतं. ते मुद्दल वारसांना परत मिळण्याचा जो पर्याय योजनेत होता, तो सप्टेंबर २००८ मध्ये काढला. पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेण्याची सोयही तेव्हाच गेली.

या निधीतून विधवा, अपंग आणि मुलांची पेन्शनही द्यावी लागते. ते संरक्षण खरं आहे, त्याला किंमत आहे, ती मी या हिशेबात धरलेली नाही. पण ते संरक्षण किती ते पाहा. वरचा पेन्शनर वारला तर त्याच्या बायकोला निम्मी मिळते, म्हणजे ८८२. किमान मर्यादेमुळे ते १,००० होतात. अनाथ मुलाला किमान ७५०, इतर मुलाला २५०. महागाई भत्ता कुणालाच नाही. २०१४ मध्ये ठरलेला हजार रुपयांचा आकडा, त्या वर्षीचे भाव आणि आजचे भाव शेजारी ठेवा आणि मग 'खिशात हात' म्हणा.

सप्टेंबर २०१४ ला आणखी एक झालं. पेन्शनपात्र पगार काढताना शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी धरत, ती ६० महिन्यांची केली. पगार वाढता असतो, त्यामुळे पाच वर्षांची सरासरी शेवटच्या वर्षापेक्षा कमीच येणार. किमान पेन्शनची घोषणा आणि हा बदल एकाच महिन्यात अमलात आले. पहिल्याचा गाजावाजा झाला, दुसरा कामगाराला १०-डी भरतानाच कळला.

आता संसद. 'मंत्री उत्तर देतात' असं तुम्ही लिहिलंत. काय देतात? ईपीएस ही 'निश्चित अंशदान, निश्चित लाभ' अशी योजना आहे, निधीत मालकाचे ८.३३ आणि सरकारचे १.१६ टक्के येतात, लाभ त्यातूनच दिले जातात, ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनानुसार निधीत विमागणिती तूट आहे, तरीही सरकार अर्थसंकल्पातून मदत देऊन किमान १,००० देतं. प्रश्नाचे (अ) ते (ई) भाग एकत्र करून हाच मजकूर वर्षानुवर्षं पटलावर येतो. योजनेच्याच तरतुदीप्रमाणे मूल्यांकन दरवर्षी व्हायला हवं, आणि हवाला कित्येक वर्षं २०१९ चाच.

तुम्हीही तीच तूट पुढे केलीत, म्हणून तूट म्हणजे काय तेही सांगते. तिजोरीत आज पैसे कमी पडतात असा तिचा अर्थ नाही. वर्षाला येणारी वर्गणी आणि व्याज मिळून वर्षाच्या वाटपापेक्षा जास्तच आहे. विमागणिती तूट म्हणजे पुढे अनेक दशकं द्यायच्या सगळ्या पेन्शनांचं आजचं मूल्य आणि निधी अधिक पुढची वर्गणी यांचं आजचं मूल्य यांतला फरक. तो व्याजदर किती धरला, आयुर्मान किती धरलं, पगारवाढ किती धरली यावर हलतो. गृहीतकं न सांगता नुसतं 'तूट आहे' म्हणणं म्हणजे अर्धा हिशेब दाखवणं. आणि तूट असेलच, तर १९९५ पासून १.१६ वर थांबलेला सरकारी वाटा हे तिचं एक कारण आहे की नाही, हे कोण विचारणार?

उत्तर असंच का येतं, यालाही कारण आहे. मंत्र्याने सभागृहात 'विषय विचाराधीन आहे' म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं, आश्वासन समितीकडे नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. म्हणून उत्तर लिहिणारा अधिकारी योजनेचं वर्णन करतो आणि थांबतो. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नाला उपप्रश्न नसतो. शून्य प्रहरात मांडलेल्या मुद्द्याला उत्तर देण्याचं बंधन मंत्र्यावर नसतं. उरतो तारांकित प्रश्न, ज्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. लोकसभेत ते दिवसाला २० असतात, तासाभरात पोचतात मोजकेच.

राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०१३ मध्ये किमान ३,००० ची शिफारस केली. पुढे हेच कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, शिफारस जिथल्या तिथे राहिली. २०१८ मध्ये सरकारनेच नेमलेल्या उच्चाधिकार समितीने, दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद केली तर २,००० करावेत असं सुचवलं. अर्थ मंत्रालयाने मान्यता दिली नाही. हे सरकारने संसदेतच सांगितलं आहे. का दिली नाही, ते सांगितलेलं नाही.

म्हणून मागच्या लेखात मी खासदारांना प्रश्न बदलायला सांगितलं होतं, त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. 'किमान पेन्शन वाढवण्याचा सरकारचा विचार आहे काय' असं विचारलं की ठरीव उत्तर येणारच. विचारायचं ते हे: २०१९ नंतरची मूल्यांकनं झाली का, झाली तर ती पटलावर कधी ठेवणार, मूल्यांकनात व्याजदर किती धरला, २,००० च्या प्रस्तावाला नकार देताना अर्थ मंत्रालयाने कोणतं कारण लिहिलं, कोणत्या तारखेला. दीडशे शब्दांत हे सगळं बसतं. सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच खासदाराच्या कार्यालयात मसुदा पोचलेला हवा. याच्या जोडीला अर्थसंकल्पी अधिवेशनात श्रम मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्यांवर, तक्रार मांडण्यासाठी, शंभर रुपयांची सांकेतिक कपात सूचना देता येते. मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या तर ती वाया जाते, तरी द्यावी. आणि कायदा बदलायची गरजच नाही. ही योजना अधिसूचनेने आली, २०१४ मधले दोन्ही बदल अधिसूचनेनेच झाले.

बाकीच्या मुद्द्यांवर थोडक्यात. खासदारांची पेन्शन वेगळ्या निधीतून येते, ते मला ठाऊक आहे. मी रकमांची तुलना केलीच नव्हती. २०१८ मध्ये त्यांचं वेतन आणि पेन्शन महागाई निर्देशांकाला बांधली गेली. त्यामुळे महिन्याच्या पेन्शनचे २५,००० चे ३१,००० झाले ते मार्च २०२५ च्या एका अधिसूचनेने, १ एप्रिल २०२३ पासून. ती निर्देशांकाची जोडणी कामगाराच्या हजार रुपयांना का नाही, एवढाच माझा प्रश्न होता. तुम्ही तो वाचला नाहीत, टाळ्यांवर घसरलात. ७,५०० ची मागणी बुलढाण्यात वर्षानुवर्षं उपोषणाला बसलेल्या पेन्शनरांची आहे, तिच्यावर त्यांच्याशी बोला. उच्च पेन्शनचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल हा वेगळाच विषय आहे, खाली कुणीतरी विचारलंय, त्यावर स्वतंत्र लिहीन.

तुम्ही नोकरीत असाल तर आज रात्री तुमचं पीएफचं पासबुक उघडा. शेवटचा रकाना पेन्शन वर्गणीचा असतो. तिथे दरमहा १,२५० दिसत असतील तर तुम्हीही ईपीएसचे सभासद आहात. वर्षअखेरीला शेजारच्या दोन रकान्यांत व्याज जमा झालेलं दिसेल, या रकान्यात दिसणार नाही. ते बघून मग लिहा, की तो पैसा तुमचा आहे की नाही. आणि लिहाल तेव्हा नावानिशी लिहा.