एसआयडी (विंडोजमधला खात्याचा ओळख क्रमांक) बदलत नाही, कबूल. पण ॲप एसआयडी विचारतं कुठे?

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कमधली खात्यांची मध्यवर्ती यादी) यूजर एका ओयूतून (खात्यांचा फोल्डर) दुसऱ्यात हलवण्याआधी ॲप्स तपासा, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ओयू बदलल्याने यूजरचा एसआयडी, पासवर्ड, ग्रुप काहीच बदलत नाही, मग आधीच्या तपासणीचा एवढा बाऊ कशाला? शनिवारी एक पॉवरशेल स्क्रिप्ट चालवली की काम फत्ते.

विंडोजपुरतं बरोबर आहे. एसआयडी, जीयूआयडी (आणखी एक ओळख क्रमांक), यूपीएन (ईमेलसारखं दिसणारं लॉगिन नाव) तसेच राहतात, ग्रुपमधल्या नोंदी ॲक्टिव्ह डिरेक्टरी स्वतः दुरुस्त करते. बदलतो तो डीएन, म्हणजे खात्याचा डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता. एलडॅपवरून (डिरेक्टरीत शोधण्या-विचारण्याचा प्रोटोकॉल) लॉगिन करणारी बरीच ॲप्स नेमका हाच पत्ता धरून बसतात.

काहींच्या कॉन्फिगमध्ये सर्च बेस (शोध जिथून सुरू होतो ती जागा) म्हणून जुना ओयू लिहिलेला असतो. खातं तिथून हललं की ॲपला यूजर सापडतच नाही. काही ॲप्स शोधतच नाहीत, ठरलेल्या साच्यात नाव घालून डीएन बनवतात आणि थेट बाइंड करतात, म्हणजे तो डीएन आणि पासवर्ड देऊन डिरेक्टरीत लॉगिन करतात. तिथे उत्तर येतं एलडॅप एरर ४९, जो चुकीच्या पासवर्डलाही येतो. मग हेल्पडेस्क दिवसभर पासवर्ड रीसेट करत बसतं. सगळ्यात वाईट म्हणजे ॲपचं स्वतःचं सर्व्हिस अकाउंट (ज्याने ॲप डिरेक्टरीत शिरून यूजर शोधतं) हलवणं: एक खातं हललं आणि सगळ्यांचं लॉगिन बंद. त्या बाइंडसाठी डीएनऐवजी यूपीएन लिहा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीला तो चालतो.

कोण कुठे शोधतं हे कळायला प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) 'फील्ड इंजिनिअरिंग' लॉगिंग ५ वर न्या आणि कोणता सर्च नोंदवायचा त्या मर्यादा खाली आणा. मग इव्हेंट १६४४ मध्ये क्लायंटचा आयपी, सर्च बेस आणि फिल्टर (शोधाची अट) दिसतात. लॉग भराभर फुगतो, त्याचा आकार आधीच वाढवा. लॉगिंगच्या काळात महिनाअखेर यायलाच हवी, पगाराची ॲप्स तेव्हाच जागी होतात. थेट बाइंड करणारी इथे दिसतीलच असं नाही. त्यांची कॉन्फिग उघडूनच बघावी लागते.

एक चूक मात्र माझी. 'सर्च बेस डोमेनच्या मुळाशी न्या' असं मी आधी एका ओळीत उरकलं होतं. तसं केल्यावर ज्यांना त्या ॲपमध्ये यायचंच नाही, तेही आत येऊ शकतात; म्हणून ग्रुपचा फिल्टर हवाच. फिल्टरमध्ये ग्रुपचाही डीएन असतो, तेव्हा यूजर हलवताना ग्रुप जागचे हलवू नका. मुळापासून शोधताना रेफरलमुळे (दुसरीकडे शोधा असं सांगणारं उत्तर) ॲप अडकलं, तर ग्लोबल कॅटलॉगचा (सगळ्या डोमेनची एकत्र, संक्षिप्त यादी) पोर्ट ३२६८ किंवा टीएलएससाठी (एन्क्रिप्टेड कनेक्शन) ३२६९ वापरा. मात्र ग्लोबल कॅटलॉगमध्ये सगळे ॲट्रिब्यूट (खात्याच्या माहितीचे रकाने) नसतात.

एंट्रा कनेक्टमध्ये (खाती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी सिंक करणारं टूल) ओयूनुसार फिल्टर असेल, तर नवा ओयू आधी सिंकमध्ये घ्या. नाहीतर क्लाउडमधलं खातं डिलीट होतं. परत आणायला ३० दिवस मिळतात.

'बिघडलं तर परत हलवू' हेही अर्धंच खरं. डिरेक्टरीत खातं मागे जातं. पण ज्या ॲपने डीएन हीच ओळख मानून नव्या पत्त्यावर दुसरं रिकामं प्रोफाइल उघडलं, तिथे तोवर झालेलं काम त्या दुसऱ्या प्रोफाइलमध्येच राहतं, आणि ते ॲपच्या डेटाबेसमध्ये शिरून हाताने जोडावं लागतं.