लाकडी होडी मोडीत काढण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की सांगलीतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो: 'लाकडी होडी पाण्यात कुजते, गळते, महापुरात माणसं बुडवते. ती बांधण्याची कलाही आता मेली. नदीकाठच्या गावांनी लाकडी होड्या मोडीत काढून फायबरच्या घ्याव्यात.' फायबर हलकं असतं, दरवर्षी तेल-डांबर मागत नाही, हे मला मान्य. पण लाकडावर ठेवलेले आरोप चुकीचे आहेत.

आधी कुजण्याचं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. म्हणून कायम पाण्याखाली राहणारा तळ टिकतो. कूज धरते ती फळी ओली-सुकी होत राहते तिथे, किंवा होडीच्या पोटात पावसाचं पाणी साचून राहतं तिथे. मुंबईत वाडियांनी 1817 मध्ये मलबारी सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका दुरुस्त्या होत होत आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. आणि ती तर खाऱ्या पाण्यात वावरलेली. समुद्रात जहाजाचं लाकूड पोखरणारी कीड कृष्णेच्या गोड्या पाण्यात नसतेच.

गळण्याचा आरोप मला सर्वांत जास्त लागतो, कारण त्यापायी चांगल्या होड्या सरपणात जातात. उन्हाळाभर काठावर पालथी पडलेली होडी वाळते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. सांध्यांत कापूस ठासून, वर डांबर देऊन ती पाण्यात सोडली तरी सुरुवातीला झिरपतेच. फळ्या पाणी पिऊन फुगल्या की सांधे आपोआप मिटतात. सैल झालेला कुऱ्हाडीचा दांडा रात्रभर पाण्यात ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कला मेली म्हणणाऱ्यांनी कच्छमधल्या मांडवीला जावं. तिथे वाकड्या वाढलेल्या बाभळीतून जहाजाच्या फासळ्या निघतात, म्हणजे लाकडाचा धागा तुटत नाही. काथ्याने फळ्या शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' जहाज तर मे 2025 मध्ये कारवारला आपल्या नौदलात दाखल झालं.

राहिला महापूर. 2019 साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. अशा ओढीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली आणि अंगात लाइफ जॅकेट नसलं, तर होडी फायबरची असली तरी तोच धोका.

तेव्हा मोडीत काढण्याआधी होडी दोन-चार दिवस भिजवा. मग एकेका फळीत चाकूचं टोक दाबून पाहा. सहज घुसलं तर तेवढी फळी सुताराकडून बदलून घ्या.